ऑईल बदललं आणि इंजिन वाजायला लागलं? पान्हा हातात घेण्याआधी हे तपासा

"सर्व्हिसिंगच्या आधी गाडी मऊ चालत होती, फुल सिंथेटिक टाकलं आणि टकटक सुरू झाली." ही तक्रार आमच्या गॅरेजमध्ये बारा महिने येते. उलटं सांगणारेही येतात: "अमुक कंपनीचं टाकलं आणि इंजिन एकदम गप्प झालं." दोघंही खरंच सांगत असतात. ऑईलने इंजिनचा आवाज बदलतो, त्यात वाद नाही. पण खोलात गेलं की दोष कंपनीचा असल्याचं क्वचित निघतं. कुठे पातळी चुकलेली असते, कुठे ग्रेड, कुठे फिल्टरचा ओ-रिंग (रबरी कडी). नाहीतर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची, गॅप आधीपासूनच वाढलेली असते आणि जुन्या जाड ऑईलने ती झाकून ठेवलेली असते.

खालचा क्रम फुकटपासून महागाकडे जाणारा आहे. लिहिलंय ते मुख्यतः चार स्ट्रोकच्या बाईक आणि स्कूटरसाठी. कारमध्ये जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे तसं सांगितलंय.

लक्षणं: आवाज कधी येतो ते आधी लिहून ठेवा

मेकॅनिकला "आवाज येतो" एवढंच सांगून काही कळत नाही. गार इंजिनला येतो की गरम, न्यूट्रलला की गिअरमध्ये, रेस दिली की सोडली की, एवढं ठरवलं तरी अर्धं निदान होतं.

सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत: रात्रभर ऑईल खाली उतरलंय आणि वर पोचायला वेळ लागतोय. फिल्टर, ऑईलची ग्रेड किंवा टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर यांच्याकडे बघायचं.

गार असताना शांत, दहा-पंधरा किलोमीटर चाललं की टिकटिक: ऑईल गरम होऊन पातळ पडतंय. ग्रेड हलकी आहे, ऑईलमध्ये पेट्रोल उतरलंय किंवा टॅपेट सैल आहेत.

गार असताना कोरडी टकटक, पाच मिनिटांनी गायब: बहुतेक पिस्टन सिलिंडरच्या बोअरमध्ये डुलतोय. गरम झाल्यावर पिस्टन फुगतो आणि जागा भरून काढतो. गाडी जुनी असेल तर हे बरीच वर्षं असंच चालू शकतं.

न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की बंद: क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचा आवाज. बाईकमध्ये तेच ऑईल गिअरलाही लागतं, त्यामुळे ऑईल बदललं की हा आवाज सगळ्यात आधी जाणवतो.

चढावर, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की कोरडी खणखण: ही नॉकिंग. पेट्रोल, टायमिंग, कार्बन यांचं काम आहे. ऑईल बदलून ती जात नाही.

खोल, जड ढकढक, लोड आला की वाढणारी: इथे वाचणं थांबवा, इंजिन बंद करा आणि शेवटचा भाग बघा.

एक युक्ती सांगतो. व्हॉल्व्ह क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. त्यामुळे टॅपेटचा आवाज इंजिनच्या निम्म्या गतीने येतो आणि शिवणयंत्रासारखा हलका, बारीक असतो. क्रँक आणि बिग एंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथला, आवाज पूर्ण गतीने येतो आणि जड असतो. स्लो (रेस न देता इंजिन चालतं ती गती) सेट करून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं आणि सावकाश चालवून ऐकलं की हा फरक बऱ्यापैकी कळतो. रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुढे तुलना करायला लागेल.

१. आवाज इंजिनचाच आहे का?

यात पैसे लागत नाहीत, तरी बहुतेक जण हेच सोडून देतात. सर्व्हिसिंगमध्ये गाडीचे कव्हर, गार्ड, सायलेन्सर हलवलेले असतात. एखादा बोल्ट सैल राहिला की सायलेन्सरची हीट शील्ड इंजिनच्या तालात वाजते. गार इंजिनला, बंद गाडीवर, लेगगार्ड, नंबर प्लेट, चेन कव्हर, सायलेन्सरची पत्रं हाताने हलवून बघा.

बेंड पाईप (सायलेन्सरचा पुढचा वाकडा पाईप) हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हच्या भागाला, जिथे बसतो तिथलं पॅकिंग बसकं झालं की तिथून गॅस सुटतो, आणि तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिक येतो. गार इंजिन सुरू करून जोडाजवळ तळहात धरा, टेकवू मात्र नका. फुकफुक हवा लागली किंवा जोडाभोवती काळा डाग दिसला तर चोर सापडला.

स्कूटरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. डाव्या बाजूच्या केसमध्ये बेल्ट, व्हेरिएटर, रोलर आणि क्लच शू असतात. तो सगळा कोरडा कारभार आहे, इंजिन ऑईल तिकडे जातच नाही. स्कूटर स्लोवर खडखडते आणि जरा रेस दिली की थांबते, असं असेल तर रोलर झिजलेत का ते बघा. ऑईलच्या नावाने बोटं मोडू नका.

२. पातळी, आणि ती नीट मोजलेली पातळी

कमी ऑईल म्हणजे आवाज, हे सगळ्यांना माहीत आहे. जास्त ऑईलनेही आवाज येतो, हे फार थोड्यांना. पातळी वर गेली की क्रँक ऑईल घुसळतो, त्याला फेस येतो. फेसात हवा असते आणि हवा दाबली जाते. हायड्रॉलिक टॅपेट (ऑईलच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे) असलेल्या इंजिनात ती हवा टॅपेटमध्ये शिरली की तो स्पंजासारखा दबतो आणि टकटक सुरू. साध्या स्क्रूच्या टॅपेटमध्ये एवढं होत नाही, पण इंजिन जड चालतं, तापतं, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) ऑईल एअर फिल्टरमध्ये येतं.

हे होतं कसं? लिटरचा डबा फोडला की पूर्ण ओतून मोकळं व्हायची सवय. गाडीला लागत असतं पाऊण लिटर किंवा आठशे मिली. ड्रेन केल्यावर थोडं जुनं ऑईलही आतच राहतं. उरलेलं शंभर-दोनशे मिली डब्यात ठेवायला कंटाळा, म्हणून तेही आत.

मोजायची पद्धत: गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला. साईड स्टँडला मोजू नका, ऑईल डावीकडे वाहतं आणि काडी चुकीचं सांगते. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. काडी काढून पुसा. आता महत्त्वाचं: हीरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत काडी परत आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची असते. आटे फिरवून घट्ट केली तर काडी जास्त खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा वर दिसते, आणि माणूस कमी ऑईलवर गाडी चालवत राहतो. तुमच्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये एका ओळीत दिलेली असते. काच असलेल्या गाड्यांत, म्हणजे रॉयल एन्फील्डसारख्या, गाडी सरळ उभी करून दोन खुणांच्या मधे ऑईल हवं.

कारमध्ये इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, कारण वरचं ऑईल तळाच्या भांड्यात (संपमध्ये) उतरायला वेळ लागतो.

पातळी वर असेल तर मोठ्या सिरिंजने आणि नळीने भरायच्या तोंडातून थोडं ओढून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

३. डबा वाचा: कंपनी नंतर, आकडे आधी

रिकामा डबा अजून घरी किंवा गॅरेजमध्ये असेल तर तो समोर ठेवा. त्यावर तीन गोष्टी बघायच्या: ग्रेड, एपीआय (ऑईलच्या दर्जाचा अमेरिकी शिक्का, मॅन्युअलशी जुळवायचा) आणि बाईक असेल तर जासो.

ग्रेड म्हणजे १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० वगैरे. गॅरेजमध्ये आम्ही टेन-थर्टी, ट्वेंटी-फिफ्टी म्हणतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती जाड राहतं त्याचा. थंडीचे आकडे आपल्याकडच्या हवेपेक्षा फार खालचे आहेत. २०डब्ल्यू ऑईलची पंपात ओढलं जाण्याची चाचणी उणे २० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे ३० ला. महाबळेश्वरच्या जानेवारीतही तेवढी थंडी नसते, त्यामुळे २०डब्ल्यू आपल्याकडे गोठून अडत नाही. पण सकाळी ते हेडपर्यंत जरा उशिरा पोचतं, हे खरं. ४० अंशाला १०डब्ल्यू-३० ची जाडी साधारण ७० सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं एकक) आसपास असते, २०डब्ल्यू-५० ची दीडशेच्या पुढे. गार इंजिनात हा फरक आणखी मोठा होतो.

आता आवाजाचं. इंजिनात दोन धातूंच्या मधे ऑईलचा थर असतो. तो थर जाड असेल तर धातूवर धातू आदळल्याचा आवाज मऊ होतो. म्हणून गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० असताना २०डब्ल्यू-५० टाकलं की इंजिन "गप्प" होतं, आणि पुढच्या वेळी कुणी बरोबर ऑईल टाकलं की "बिघडतं". इंजिन तेच, टॅपेट तेच. माणसाला वाटतं नवं ऑईल खराब. तुमच्या गाडीत आधी काय होतं ते जुन्या बिलावर बघा. जुनं जाड होतं आणि नवं पुस्तकाप्रमाणे असेल, तर वाढलेली टिकटिक इंजिनचा मूळचा आवाज असू शकतो. नव्या पेट्रोल कारमध्ये तर ०डब्ल्यू-२०, मारुतीच्या काही इंजिनांत ०डब्ल्यू-१६ एवढं पातळ ऑईल कंपनीच सांगते. तिथे ऑईलचे मार्ग आणि बेअरिंगच्या फटी त्या हिशोबाने केलेल्या असतात. आवाजासाठी तिथे ट्वेंटी-फिफ्टी ओतणं म्हणजे मायलेज घालवणं आणि वरच्या भागाला सकाळी उपाशी ठेवणं.

जासो हा जपानी शिक्का बाईकच्या ओल्या क्लचसाठी आहे. एमए आणि एमए२ म्हणजे क्लच प्लेट घसरणार नाहीत एवढं घर्षण असलेलं ऑईल. एमबी म्हणजे घर्षण कमी असलेलं, स्कूटरसाठी. कारच्या ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० मध्ये पेट्रोल वाचवायला घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. ते बाईकमध्ये टाकलं तर इंजिन मऊ चालल्यासारखं वाटेल, पण वरच्या गिअरमध्ये रेस वाढते आणि वेग वाढत नाही, असं सुरू होतं. बाईकमध्ये कारचं ऑईल आहे असं आढळलं तर थांबू नका, लगेच काढा.

डिझेल कार बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची आणि डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेली, तर मॅन्युअलमधलं कमी राखेचं ऑईलच हवं. तिथे आवाजासाठी प्रयोग करायचा नाही. डीपीएफ चोंदला तर त्याचं बिल ऑईलच्या कित्येक पट येतं.

डब्याचं सील, छपाई, बॅच नंबर बघून घ्या. नकली ऑईल बाजारात आहे, आणि ते जुने डबे भरून येतं. म्हणून आम्ही रिकाम्या डब्याला भोक पाडूनच टाकतो, तुम्हीही तसंच करा.

एकाच ग्रेडची दोन सिंथेटिक वेगळी का वाजतात

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून इथे थोडं थांबतो.

३० ही ग्रेड म्हणजे एक आकडा नाही, तो पट्टा आहे. १०० अंशाला ९.३ पासून १२.५ सेंटिस्टोकच्या आतलं कुठलंही ऑईल ३० म्हणून विकता येतं. एका कंपनीचं ९.६ असेल, दुसरीचं १२.२. डब्यावर दोघांच्याही १०डब्ल्यू-३०, पण गरम इंजिनात पाव हिश्श्याचा फरक. ५० चा पट्टा तर १६.३ ते २१.९, म्हणजे आणखी रुंद. तुमच्या कानाला जो "ब्रँडचा" फरक ऐकू येतो त्यातला मोठा भाग हाच. तो डब्यावर कुठे लिहिलेला नसतो. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑईलची टेक्निकल डेटा शीट असते, तिथे १०० अंशाच्या जाडीची ओळ शोधा. जुन्या-नव्या दोन्ही ऑईलचे आकडे शेजारी ठेवले की बऱ्याचदा कोडं तिथेच सुटतं. ती शीट मिळतच नसेल, तर ते ऑईल मी तरी घेणार नाही.

दुसरं, "सिंथेटिक" या शिक्क्यावरून आत काय आहे ते नीट कळत नाही. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर आक्षेप घेतला होता, आणि १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात परीक्षण संस्थेने निकाल दिला की खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ लाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून फुल सिंथेटिकच्या डब्यात ग्रुप ३ असू शकतं, पीएओ असू शकतं, एस्टर असू शकतं (ही दोन्ही रसायनांपासून बनवलेली तेलं) किंवा मिश्रण. एस्टर धातूला धरून राहतं, म्हणून गिअर मऊ पडतात असं सांगतात. काही गाड्यांत मलाही तसं जाणवलं आहे. पण ग्रेड चुकीची असेल तर एस्टर काही जादू करत नाही.

तिसरं कारण फक्त बाईकचं आहे. गिअरचे दात ऑईलला चिरडतात. १५डब्ल्यू-५० सारख्या ग्रेडमध्ये जाडी टिकवायला लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात, ते दातांत तुटतात. हजार-दोन हजार किलोमीटरनंतर ऑईल ग्रेडच्या खाली घसरतं, गिअर कडक पडायला लागतात आणि टिकटिक परत येते. चांगल्या बेसच्या सिंथेटिकला पॉलिमरची गरज कमी असते, म्हणून ते जास्त काळ एकसारखं वाजतं. सिंथेटिकचे पैसे मी कशासाठी देतो असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो: पहिल्या दिवशी गप्प बसतं म्हणून नाही, तीन हजाराव्या किलोमीटरला तसंच असतं म्हणून.

आणि तुलना करताना हे धरा की नवं ऑईल कुठलंही असो, चिरडून पातळ पडलेल्या जुन्यापेक्षा ते गप्पच वाटणार. साधं मिनरल टाकलं असतं तरी दोन दिवस गाडी मऊच लागली असती.

४. जरा थांबा

पातळी आणि ग्रेड बरोबर आहे, आवाज हलका आहे, वाढत नाही? मग दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा. विशेषतः हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात, म्हणजे रॉयल एन्फील्डच्या युसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच केसमधल्या) इंजिनच्या बुलेट-क्लासिकमध्ये किंवा १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल कारमध्ये, नव्या ऑईलने आतली जुनी काजळी सुटते आणि टॅपेटच्या बारीक भोकात काही काळ अडकते. बऱ्याचदा आपोआप मोकळी होते. पाचशे किलोमीटरनंतरही तोच आवाज असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. फ्लश किंवा आवाज घालवणाऱ्या बाटल्या टाकू नका. ओल्या क्लचच्या बाईकमध्ये तर मुळीच नाही.

५. ऑईल काढलंच असेल तर त्याच्याकडे बघा

काडीवरचा एक थेंब दोन बोटांत चोळा आणि वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आणि पाण्यासारखं पातळ ऑईल असेल तर इंजेक्टर, कार्ब्युरेटरची नीडल किंवा पिस्टनची रिंग यांपैकी काहीतरी गळतंय. अशा ऑईलवर कुठलंही इंजिन वाजेल. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर तेही त्याचंच लक्षण.

भरायच्या झाकणाच्या आतून पिवळट-पांढरी मलई दिसली तर आधी घाबरू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणात घर ते स्टेशन अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर इंजिन पुरतं तापत नाही आणि वाफ आतच राहते. अर्धा तास सलग चालवल्यावर ती जायला हवी. काडीवरचंही ऑईल दुधाळ असेल आणि गाडी पाण्याने थंड होणारी असेल, तर हेड गॅस्केटचा संशय. ती सरळ मेकॅनिककडे.

६. फिल्टर आणि जाळी

कारचा फिरवून बसवायचा फिल्टर स्वस्तातला असेल तर त्यातला ऑईल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नीट धरत नाही. रात्रभर फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तीन-चार सेकंद खडखड येते. तीच तक्रार असेल तर आधी ओरिजिनल फिल्टर टाका, ऑईल तेच ठेवून. बाईकमध्ये कागदी फिल्टर असेल तर त्याचा ओ-रिंग आणि स्प्रिंग कुठल्या बाजूला आहे ते बघा. ओ-रिंग जुन्या फिल्टरबरोबर कचऱ्यात जाणं किंवा फिल्टर उलटा बसणं, दोन्ही आम्ही पाहिलंय. तसं झालं की ऑईल गाळल्याशिवाय फिरतं किंवा हेडला दाब कमी पोचतो. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतो. तिथे जाळी आणि क्रँकबरोबर फिरणारा फिल्टर असतो, आणि तो साफ करायला क्लच साईडचं कव्हर काढावं लागतं. साध्या सर्व्हिसिंगमध्ये हे कुणी करत नाही.

जाळी काढल्यावर ती पांढऱ्या फडक्यावर उलटी आपटा आणि उन्हात धरा. काळसर, मऊ कचरा म्हणजे क्लच प्लेटचा, त्याचं फारसं काही नाही. बोटांत न जाणवणारी राखाडी चमक थोडीशी असेल तर तीही जुन्या गाडीत चालते. पण नखाला लागतील एवढे चकचकीत तुकडे दिसले, तर चुंबक लावून बघा. चिकटले तर स्टील, म्हणजे गिअर, चेन किंवा बेअरिंग. न चिकटणारे पांढरे म्हणजे पिस्टन किंवा केसिंगचं ॲल्युमिनियम. तांबूस म्हणजे बुश. या तिन्ही बाबतीत इंजिन परत सुरू करायचं नाही. तुकडे कागदाच्या पुडीत बांधून मेकॅनिकला दाखवा.

७. लांब स्क्रूड्रायव्हर

लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्या. टोक इंजिनच्या केसवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. हेडच्या झाकणावर आवाज मोठा असेल तर टॅपेट. सिलिंडरच्या ज्या बाजूने टायमिंग चेन जाते तिथे मोठा असेल आणि रेस सोडताना खडखडत असेल तर चेन किंवा टेन्शनर. क्लच कव्हरवर आणि खाली केसवर मोठा असेल तर काम खोल आहे. ओढणी, सैल बाही, मोकळे केस आवरून ठेवा. कारमध्ये पंखा आणि बेल्टपासून लांब, कारण काही कारचा पंखा इंजिन बंद झाल्यावरही फिरतो.

८. टॅपेट

इथून पुढे हात काळे होतात. गाडीच्या मॅन्युअलमधली गॅप, एक फिलर गेज आणि धीर, एवढं असेल तर शंभर-सव्वाशे सीसीची गाडी घरीही होते. अशा गाड्यांत गॅप साधारण ०.०५ ते ०.१२ मिलिमीटरच्या दरम्यान असते, इनटेकला कमी आणि एक्झॉस्टला तेवढीच किंवा थोडी जास्त. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तकातलाच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको.

इंजिन पूर्ण गार हवं, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. मॅग्नेटची (क्रँकवरच्या चाकाची) टी खूण केसवरच्या खुणेवर आणा आणि दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) हाताने हलतायत का ते बघा. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आलाय, क्रँक आणखी एक पूर्ण फेरी फिरवा. गेजची पट्टी गॅपमध्ये सरकवताना वहीच्या दोन पानांतून पट्टी ओढल्यासारखा किंचित अडथळा लागायला हवा. अडकून वाकत असेल तर गॅप घट्ट, मोकळी पडत असेल तर सैल. लॉकनट घट्ट करताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून घट्ट केल्यावर परत मोजा. हे दुसऱ्यांदा मोजणं लोक टाळतात आणि मग म्हणतात टॅपेट टिकत नाही.

अगदी शांत टॅपेट बघून खूश होऊ नका. गॅप कमी ठेवली की आवाज जातो, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच देतो. तो टेकलाच नाही तर जळतो. स्क्रूच्या टॅपेटची किंचित टिकटिक मला चालते. आवाज बंद करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाईकासमोर टॅपेट घट्ट करून देणारे मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडून गाडी सांभाळा.

हायड्रॉलिक टॅपेटला गॅप नसते, तिथे गेज घेऊन बसू नका. ड्युक ३९० सारख्या डीओएचसी (वर दोन कॅम असलेल्या) इंजिनात शिम (पातळ चकत्या) बदलावे लागतात, त्यासाठी कॅम काढावा लागतो. ते घरचं काम नाही.

९. सगळं ठीक असेल तरच ग्रेड बदला

टॅपेट बरोबर, फिल्टर बरोबर, पातळी बरोबर, गाडी जुनी, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गरम झाल्यावर टिकटिक. मॅन्युअलमध्ये हवामानाप्रमाणे एकापेक्षा जास्त ग्रेड दिलेल्या असतील तर त्यातली एक पायरी वरची घ्या: १०डब्ल्यू-३० च्या जागी १०डब्ल्यू-४० वगैरे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा शक्यतो तोच ठेवा, म्हणजे सकाळचं पोचणं बिघडत नाही. त्याच ग्रेडमध्ये राहायचं असेल तर डेटा शीटवर पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळचं ऑईल निवडा. वॉरंटीतल्या गाडीत मॅन्युअलबाहेर जाऊ नका.

पायरी चढूनही आवाज दबत नसेल तर ऑईलचा विषय संपला. आणि दबला, पण ऑईल गरम झाल्यावर परत येतोय, तर कुठेतरी झीज आहे आणि ती वाढतेय.

कुठे थांबायचं

यांपैकी एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका, टेम्पोत घालून आणा:

ऑईलचा लाल दिवा इंजिन चालू असताना लागला किंवा लुकलुकला. हा दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे, आणि "थोडं पुढे जाऊन बघू" म्हणण्याएवढाही वेळ तो देत नाही.

खोल ढकढक, लोडवर वाढणारी, ऑईलने जराही न बदलणारी. बिग एंड गेला असेल तर फुल इंजिनचं काम आहे. उशीर केला तर कनेक्टिंग रॉड केस फोडून बाहेर येऊ शकतो.

आवाज अचानक सुरू झाला, हळूहळू वाढत आला नाही.

जाळीत धातूचे तुकडे, किंवा सायलेन्सरमधून निळा धूर आणि पातळी भराभर खाली.

टायमिंग चेन खडखडत असेल तर थोडं अंतर चालते, पण काम पुढे ढकलू नका. मल्टिजेटसारख्या इंजिनात चेनने दात सोडला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. चेन बदलताना टेन्शनर आणि गाईड बरोबरच बदलून घ्या, नुसती चेन टाकून आवाज सहसा जात नाही. कारमध्ये इंजिन उघडायला सांगण्याआधी मेकॅनिकल गेज लावून ऑईलचा दाब मोजायला सांगा. गार आणि गरम, दोन्ही आकडे लिहून घ्या.

गॅरेजला देताना जुन्या ऑईलचं बिल, नवा डबा किंवा त्याचा फोटो आणि ते मोबाईलवरचं रेकॉर्डिंग सोबत द्या. तक्रार सकाळच्या पहिल्या स्टार्टची असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवा आणि चावी देताना बजावून सांगा: मी येईपर्यंत कुणी सुरू करायची नाही. एकदा कुणी जागा बदलायला म्हणून सेल मारला की ऑईल वर पोचतं, आवाज जातो, आणि मेकॅनिक म्हणतो, "गाडी तर ठीक आहे."